नंबराविना बिऱ्हाड

परमुलखात पाऊल ठेवल्यावर माणसाने आधी काय शोधावे, याचे उत्तर पिढीगणिक बदलत आले आहे. आजोबांच्या काळी विलायतेला गेलेला गृहस्थ आधी शाकाहारी खाणावळ शोधी. वडिलांच्या काळचा माणूस पोस्टाची कचेरी शोधी. खुशालीचे पत्र टाकल्याशिवाय त्याला घास गोड लागत नसे. आजचा माणूस विमानाची चाके धावपट्टीला टेकतात न टेकतात तोच खिशातून फोन काढतो आणि त्याच्या वरच्या कोपऱ्यातल्या बारीक रेघांकडे डोळे लावून बसतो. रेघा उमटल्या की तो पोचला, तोवर अधांतरी!

गेल्या वर्षी सौ.ला तिच्या कचेरीने टोकियोला पाठवले आणि तिच्या मागोमाग मीही निघालो. जपानच्या सरकारदफ्तरी माझी नोंद 'आश्रित' अशी आहे. आपल्याकडे नवऱ्यांच्या बदल्यांपायी बायकांनी आजवर गावोगाव बिऱ्हाडे हलवली. त्याची थोडी परतफेड माझ्या वाट्याला आली, एवढेच. सौ. सकाळी आठाला घराबाहेर पडते. भाजी आणणे, पार्सले घेणे, कचरा वारानुसार निरनिराळ्या पिशव्यांत भरून ठेवणे आणि सरकारी कागदांची उस्तवार करणे ही खाती माझ्याकडे. ही खाती सांभाळताना माझ्या फोनात इंटरनेट होते, पण टेलिफोन नव्हता. अशा सोयीला 'डेटा-ओन्ली ई-सिम' म्हणतात. आठ महिने मी तेवढ्यावर टोकियोत संसार केला. त्यात काय चालते आणि काय अडते, त्याची ही हकिकत.

आमचे बिऱ्हाड निशि-कासाईत आहे. टोकियोच्या पूर्व अंगाला, आराकावा आणि एदोगावा या दोन नद्यांच्या मधोमध एदोगावा नावाचाच प्रभाग आहे; ही वस्ती त्यातली. तोझाई नावाची भुयारी रेल्वे शहराच्या पोटातून येते, आराकावा ओलांडण्याआधीच वर निघते आणि उंच पुलावरून धावू लागते. थंडीतल्या स्वच्छ सकाळी नदीवरून पश्चिमेला फूजीचा पांढरा माथा दिसतो. पण गाडीतल्या दाटीत मान वळवायला जागा असेल तर! २०१८ साली या मार्गाच्या सर्वांत गर्दीच्या टप्प्यावर क्षमतेच्या १९९ टक्के माणसे मोजली गेली होती. दादर-परळची सवय असलेल्या माणसालाच या आकड्याचा अर्थ चटकन कळेल.

निशि-कासाईला स्टेशन झाले १९७९ साली. पुढे २००० सालाच्या सुमारास संगणकांच्या तारखांचा तो प्रसिद्ध घोळ निस्तरायला भारतातून इंजिनियर आले. ओतेमाचीच्या बँका नि पेढ्यांकडे येथून गाडी थेट जाते, पाव तासाचा रस्ता. म्हणून त्यांनी येथे बिऱ्हाडे थाटली. आज काही हजार भारतीय या प्रभागात राहतात. वाण्याकडे तूरडाळ मिळते, मोहरी मिळते, आणि शोधल्यास बऱ्यापैकी पोहेही. २०१९ साली तर पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक या प्रभागाच्या सभेवर निवडून आले. एकंदरीत, अगदीच अनोळखी मुलूख नव्हे. रस्त्यात कोणी "अहो, लिफ्ट आज बंद आहे बरं का" असे मराठीतून सांगितले तर दचकू नये.

आता ई-सिमकडे वळू. सिम म्हटले की आपल्यापुढे नखाएवढा तुकडा उभा राहतो. टाचणीने टोचून फोनचा खण उघडायचा, तुकडा नीट बसवायचा, आणि जुना तुकडा पाकिटातल्या गणपतीच्या फोटोमागे जपून ठेवायचा. मग तो हमखास हरवतो. हे झाले सगुण सिम. ई-सिम निर्गुण निराकार. फोनच्या आत एक बारीक चिप कारखान्यातच पक्की बसवलेली असते. हा गिऱ्हाईक कोणत्या कंपनीचा आणि त्याची गुप्त किल्ली कोणती, ही ओळख कंपनी इंटरनेटवरून त्या चिपवर उतरवून देते. जगभरच्या मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने याचे नियम २०१६ साली ठरवले. २०१८ पासून आयफोनमध्येही ते आले. एका चिपवर अशा अनेक ओळखी ठेवता येतात आणि हवी ती जागी करता येते. बहुरूप्याने गाव पाहून सोंग बदलावे, तसे.

पैसे भरले की कंपनी ईमेलने ठिपक्यांची एक चौकोनी रांगोळी पाठवते. ती क्यूआर कोडची रांगोळी फोनच्या कॅमेऱ्याला दाखवायची. मौज अशी की, ही रांगोळी मूळ जपानचीच आहे. १९९४ साली देन्सो या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सोबत्यांनी मोटारींच्या सुट्या भागांची मोजदाद सोपी व्हावी म्हणून ती काढली. आज तिच्यावर आपला पाणीपुरीवालासुद्धा पैसे घेतो.

पंचाईत एवढीच, की इंटरनेट मिळवायला आधी इंटरनेट लागते. जुन्या हातपंपात पाणी यावे म्हणून आधी वरून तांब्याभर पाणी ओतावे लागे, त्यातलाच प्रकार. आणि रांगोळी फोनातच आली, तर फोनने स्वतःचा चेहरा स्वतः कसा पाहावा? म्हणून ती सौ.च्या लॅपटॉपवर उघडली, आणि पुण्याच्या घरच्या वाय-फायवर, निघण्याच्या आदल्या रात्री, सिम फोनात उतरवून घेतले. सेटिंग्जमध्ये जाऊन 'डेटा रोमिंग' चालू केले. टोकियोच्या विमानतळावर रेघा उमटल्या. कोणी ओळखपत्र विचारले नाही, सही मागितली नाही, रांगेत उभे केले नाही.

माझा भारतातला नंबर मात्र सोडता येण्यासारखा नव्हता. बँकेचा ओटीपी त्यावर येतो, आणि ओटीपी नाही तर स्वतःचे पैसे स्वतःलाच परके. आपल्याकडे नंबर सलग ९० दिवस वापराविना राहिला तर कंपनी तो बंद करू शकते. म्हणून ते सगुण सिम एका जुन्या फोनात घालून तो फोन टेबलाच्या खणात ठेवला. अधूनमधून रिचार्ज करायचे, ओटीपी हवा असला की खण उघडायचा, फोन चालू करायचा आणि हात जोडून वाट पाहायची. सौ. त्या खणाला 'देवघर' म्हणते.

पहिल्या आठवड्यात एक गौडबंगाल लक्षात आले. मी निशि-कासाईच्या बाकावर बसून पावसाचा अंदाज पाहायला जाई, आणि फोन मला हाँगकाँगचे हवामान सांगे. जाहिराती चिनी अक्षरांत दिसत. पुण्याच्या बँकेची साइट तर मी हाँगकाँगमध्ये आहे अशा समजुतीने दार अर्धेच उघडे. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. प्रवाशांना विकली जाणारी पुष्कळशी ई-सिमे त्या देशाची नसतात. तिसऱ्याच देशातली कंपनी आपले सिम विकते आणि इकडच्या जाळ्यावर ते पाहुणे म्हणून चालते. फोन खांबाशी बोलतो तो जपानच्याच. पण माझा निरोप तेथून समुद्राखालच्या तारेने आधी हाँगकाँगच्या फाटकापर्यंत जातो, आणि तेथून जगात बाहेर पडतो. म्हणजे समोरच्या रस्त्यावरचे दुकान उघडे आहे का, एवढे विचारायलाही माझा प्रश्न तीनेक हजार किलोमीटर जाऊन तितकाच परत येई. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे घडे, ही गोष्ट वेगळी. काही महिन्यांनी जपानी जाळ्यावरचेच दुसरे डेटा-सिम घेतले आणि ही वारी थांबली.

एवढे सोडले तर कारभार छान चालला होता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. टोकियोत नकाशाविना राहणे कठीण. कारण येथे बहुतेक रस्त्यांना नावेच नाहीत. पत्ता म्हणजे वस्ती, वस्तीतला विभाग, विभागातला ठोकळा आणि ठोकळ्यातले घर, असा आकड्यांचा हिशेब. नकाशाने मला बोट धरून फिरवले. डाळीच्या बरणीशेजारच्या बरणीत मीठ आहे की साखर, हे कॅमेऱ्याने लेबल वाचून सांगितले. पार्सलवाला येऊन गेला की दारात चिठ्ठी ठेवतो. तिच्यावरची रांगोळी फोनला दाखवली की पुन्हा केव्हा यावे ते टिचकीने कळवता येते. पुण्याहून आई रोज संध्याकाळी व्हिडिओवर येते. तेथले साडेचार म्हणजे आमचे आठ. आई फोन एवढा जवळ धरते की तिचे कपाळ तेवढे दिसते. पण कुंकू जागेवर आहे हे पाहून आमचे भागते.

शिवाय न वाजणारा फोन ही जपानच्या गाडीत मोठी सभ्य वस्तू आहे. येथे गाडीत फोनवर बोलणे अत्यंत वाईट समजतात. डब्यात शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि चाकांच्या आवाजाखेरीज काही ऐकू येत नाही. माझा फोन जन्मतःच मुका. त्यामुळे गाडीत माझ्याइतका निर्धास्त नागरिक दुसरा नसेल.

अडले ते एका चौकटीशी. जपानमध्ये कोठलाही छापील अर्ज हाती घ्या. नाव, पत्ता आणि त्याच्या शेजारी एक लांबट चौकट. तिच्यावर लिहिलेले असते 'देन्वा-बांगो'. अर्थात टेलिफोन नंबर. वाचनालयाच्या अर्जात देन्वा-बांगो, दातांच्या दवाखान्यात देन्वा-बांगो, सायकल विकत घेतली तर तिच्या नोंदणीत देन्वा-बांगो. खिडकीपलीकडची मुलगी कमरेत लवून हसतमुखाने विचारी, "देन्वा-बांगो वा?" मीही लवे, हसे आणि नाही म्हणे. तिचे हसू तसेच राही, पण लेखणी थांबे. ईमेल देतो म्हटले तर ती चौकटीत मावत नसे.

नंबर घेणे एवढे सोपे नव्हते. येथे बोलण्याच्या मोबाइलसाठी गिऱ्हाइकाची ओळख कसून तपासतात. त्याला कारण घडले आहे. वृद्ध माणसाला फोन करायचा, "ओरे, ओरे" म्हणजे "मी, मी बोलतोय" असे म्हणून मुलगा किंवा नातू असल्याची बतावणी करायची आणि संकटाच्या नावाखाली पैसे उकळायचे, असा लबाडीचा धंदा येथे फोफावला होता. असले फोन बेनामी असत. त्याला आळा घालण्यासाठी २००५ साली कायदा झाला. परदेशी माणसाने निवासपत्र दाखवायचे. इथवर ठीक, पण दरमहाच्या बिलासाठी मी गेलो त्या दुकानाला माझ्या नावाचे जपानी खाते हवे होते, आणि बँकेत खाते उघडायला गेलो तर तेथेही तीच चौकट: देन्वा-बांगो! वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही आणि लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही, ही म्हण टोकियोच्या बँकेत बसून मला नव्याने कळली.

अखेर उपाय सापडला तो आमच्या जुन्या वाड्यातला. माझ्या लहानपणी सबंध वाड्यात एकच टेलिफोन होता, मालकांकडे. नंबरासाठी अर्ज करून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. तोवर मालकांचाच नंबर सगळे बिऱ्हाडकरू बिनदिक्कत देत, आणि त्यापुढे दोन अक्षरे लिहीत: पी. पी. नोकरीच्या अर्जावर पी. पी., लग्नपत्रिकेवर पी. पी. फोन आला की मालकांचा बाळू अंगणात उभा राहून हाक मारी, आणि कोणाला कोणाचा फोन आला हे चुलीपर्यंत पोचे. मी तेच केले. सौ.ला कचेरीने जपानी नंबर दिला होता. मी सगळ्या चौकटींत तो लिहू लागलो. मनातल्या मनात पुढे पी. पी.

परिणाम व्हायचा तोच झाला. सौ. मीटिंगमध्ये बसलेली असताना तिला दातांच्या दवाखान्यातून माझ्या दाढेची चौकशी येई. वाचनालय तिला माझ्या पुस्तकाची मुदत कळवी. एकदा सायकलवाल्याने तिला फोन करून माझे चाक दुरुस्त झाल्याचे सांगितले. "मी तुझी बाळू आहे का?" असे तिने एका संध्याकाळी विचारले. प्रश्न विनोदाने विचारला होता, तरी विनोद पुरता नव्हता.

आणखी एका बाजूने ही गोष्ट मला डाचू लागली होती. आमचा प्रभाग सखल आहे. सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली. स्टेशनच्या पश्चिमेला समुद्रासारखी रुंद दिसणारी आराकावा ही मुळी माणसांनी खणलेली नदी आहे. १९१० सालच्या महापुरानंतर शहर वाचवण्यासाठी हा नवा पाट काढायला घेतला, १९२४ साली त्यात पाणी सोडले आणि १९३० साली काम संपले. २०१९ च्या मे महिन्यात प्रभागाने पुराचा जो नकाशा छापला, त्याच्या मुखपृष्ठावर आमच्याच भागाला उद्देशून 'येथे थांबून चालणार नाही' अशा अर्थाचे वाक्य होते. स्वतःच्या रहिवाशांना इतके सरळ सांगणारी नगरसंस्था विरळा! त्यात भूकंप आहेतच.

अशा वेळी फोनचे काय होते, हे २०११ च्या ११ मार्चला दिसले. ईशान्येकडे प्रचंड भूकंप झाला, टोकियोतल्या गाड्या थांबल्या, लाखो माणसे पायी घरी निघाली आणि सगळ्यांनी एकाच वेळी घरी फोन लावले. जाळे कोसळू नये म्हणून कंपन्यांना बोलणी अडवावी लागली; काहींनी ९० टक्क्यांहूनही अधिक अडवली. इंटरनेटची वाट मात्र बरीचशी वाहती राहिली. त्याच वर्षी जूनमध्ये लाइन हे निरोपांचे ॲप निघाले आणि देशभर पसरले. म्हणजे त्या दिवशी माझ्यासारखा मुक्या फोनवालाच सुखी ठरला असता. पण त्याच दिवशी हिरव्या सार्वजनिक टेलिफोनांपुढेही रांगा लागल्या होत्या, कारण संकटकाळी त्यांना जाळ्यात अग्रहक्क असतो. आणि कोबेच्या १९९५ च्या भूकंपानंतर, १९९८ साली, १७१ क्रमांकाची निरोपपेटी सुरू झाली. तिची इंटरनेटवरची आवृत्तीही आहे. आपण सुखरूप असल्याचा निरोप तीत ठेवायचा, आप्तांनी शोधायचा. शोधायचा कशावरून? टेलिफोन नंबरावरून!

तरीही मी टाळत होतो. चालते आहे ना, मग चालू द्यावे, हा आपला राष्ट्रीय स्वभाव. जूनमध्ये ते थांबले.

जून हा इकडचा पावसाळा. आपल्यासारखी कोसळधार नव्हे. दिवसदिवसभर चाळणीतून गाळल्यासारखी भुरभुर. दुपारी दोनच्या सुमाराला मी भाजी घेऊन परतत होतो. आमच्या गल्लीच्या वळणावर शेजारच्या इमारतीतल्या आजीबाई सायकलसह आडव्या पडल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे. सकाळी कचरा ठेवताना आम्ही रोज एकमेकांना लवून नमस्कार करत असू. त्यापलीकडे ओळख नव्हती. शुद्ध होती, पण एक पाय विचित्र वळला होता आणि ओठ पांढरे पडले होते. त्यांच्याजवळ फोन नव्हता. गल्लीत चिटपाखरू नाही.

माझ्या हातात फोन होता. त्यात सबंध टोकियोचा नकाशा होता, भाषांतर करणारे यंत्र होते, जगातल्या सर्व ज्ञानाची वाट होती. फक्त ११९ लागत नव्हता. रुग्णवाहिकेचा हा क्रमांक डेटाच्या सिमवरून लावताच येत नाही. व्हॉट्सॲपवर सौ.ला हाक दिली; ती मीटिंगमध्ये होती. घंटी वाजून थांबली.

स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी एक काचेची खोपटी आहे, आत हिरवा टेलिफोन. आठ महिने मी तिच्यावरून गेलो होतो. आत कोणी उभे असलेले कधी पाहिले नव्हते. आजीबाईंच्या चेहऱ्यावर पाऊस पडू नये म्हणून छत्री उघडून त्यांच्या डोक्याशी टेकवली, भाजीची पिशवी त्यांच्या मानेखाली दिली, आणि धावलो. या टेलिफोनात एरवी दहा येनचे नाणे टाकावे लागते; पण आणीबाणीला नाणे लागत नाही. उचलायचे, तांबडे बटण दाबायचे आणि ११९ फिरवायचे. पलीकडून एक शांत आवाज आला: "काजि देस् का, क्यूक्यू देस् का?" आग आहे की आजारी? हा एकच प्रश्न येथे पहिला विचारतात, हे कोठेतरी वाचले होते. मी म्हणालो, "क्यूक्यू." पुढे हातातल्या फोनवर नकाशा उघडून त्या ठोकळ्याचा पत्ता वाचून दाखवला. बाजाराने मला आकडे शिकवले होते. ते कामी आले. एका हातात हिरवे रिसीव्हर, दुसऱ्या हातात नवा फोन. एकाला पत्ता ठाऊक होता, दुसऱ्याला आवाज होता.

रुग्णवाहिका आली. येथे तिचे पैसे पडत नाहीत. आजीबाईंना आत घेताना त्यांतल्या एकाने माझे नाव लिहून घेतले आणि पुढे विचारले, "देन्वा-बांगो?" मी मान हलवली. त्याने क्षणभर माझ्या हातातल्या फोनकडे पाहिले, मग काही न बोलता इमारतीचे नाव लिहून घेतले. आजीबाईंनी माझी छत्री घट्ट धरून ठेवली होती. ती त्यांच्याबरोबरच गेली.

त्या रात्री आजीबाई कशा आहेत हे मला कळले नाही. कळायला वाटच नव्हती. कोणत्या इस्पितळात नेले ते मी शोधू शकत होतो. टोकियोतल्या सगळ्या इस्पितळांची यादी माझ्या खिशात होती. पण इस्पितळ परक्या माणसाला रुग्णाची हकिकत सांगत नाही, आणि त्यांच्या माणसांपाशी मला गाठायचे साधन नव्हते. त्या दिवशी मला आपली स्थिती नीट उमगली: इंटरनेटमुळे मला सबंध टोकियो दिसत होते, टोकियोला मी सापडत नव्हतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. पन्नाशीचे एक गृहस्थ, हातात माझी छत्री, नीट घडी घातलेली, आणि सेंबेचा खोका. सेंबे म्हणजे तांदळाच्या भाजक्या, खमंग चकत्या; चहाबरोबर बऱ्या लागतात. ते आजीबाईंचे चिरंजीव. मांडीचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती, धोका टळला होता. माझ्या भाषांतराच्या यंत्रातून त्यांनी सांगितले, की तीन दिवस ते मला फोन करू पाहत होते. नंबर कोठेच मिळेना, तेव्हा इमारतीच्या व्यवस्थापकाला विचारत विचारत आले. मग खिशातून डायरी काढून, लवून, त्यांनीही विचारले, "देन्वा-बांगो वा?"

सौ.ने माझ्याकडे पाहिले. मी तिचा नंबर दिला. पी. पी.

पुढच्याच सोमवारी मी निवासपत्र घेऊन दुसऱ्या एका दुकानात गेलो. येथे परदेशी क्रेडिट कार्ड चालले, आणि बँकेचा फेरा एकदाचा सुटला. बोलण्याचा नंबरही ई-सिमवरच मिळाला. रांगोळी तीच, कॅमेरा तोच, फक्त या वेळी समोरच्या मुलाने निवासपत्राची दोन्ही अंगे तपासली. ०८० पासून सुरू होणारे अकरा आकडे. घरी येऊन मी ते तोंडपाठ केले. वाचनालय, दवाखाना, सायकलवाला, सगळीकडे जाऊन जुनी नोंद बदलली. सौ. बाळूच्या नोकरीतून मुक्त झाली.

हे वाचून परदेशी निघालेल्यांनी डेटा-सिमला नावे ठेवू नयेत. चार आठवड्यांच्या सहलीला त्याच्यासारखे सुटसुटीत साधन नाही. पहिले दोनचार महिने काढायलाही ते उत्तम. मात्र जेथे राहायचे, तेथला एक नंबर सवडीने का होईना, घ्यावा. तो मिळेपर्यंत आपल्या फोनवरून तेथली रुग्णवाहिका बोलावता येते का, एवढे आधी पाहून ठेवावे. येत नसेल तर जवळचा सार्वजनिक टेलिफोन आणि जवळची पोलिसचौकी कोठे आहे, ते पायी जाऊन पाहून यावे. जपानमध्ये चौकीला 'कोबान' म्हणतात. टोकियोत ही पद्धत १८७४ पासून आहे, आणि दारावरचा तांबडा दिवा रात्रीही लांबून दिसतो. निरोपांच्या ॲपवर आपल्या माणसांना पत्ता कळवून ठेवावा. आणि देवघरातला भारतातला नंबर रिचार्ज करायला विसरू नये.

नव्या नंबरावर पहिले काही दिवस कोणाचाच फोन आला नाही. आला तो ऑगस्टच्या अखेरीस, एका ओल्या सकाळी. मी पोह्यांना फोडणी देत होतो. गॅस बंद केला, हात पुसले, फोन उचलला.

"मोशि मोशि," पलीकडून बारीक आवाज आला. आजीबाई घरी आल्या होत्या. फोनवर भाषांतराचे यंत्र मधे घालायची सोय मला ठाऊक नव्हती, आणि बाजारातले आकडे सोडले तर माझे जपानी चार वाक्यांचे. त्या बरेच काही बोलल्या. त्यातले 'आरिगातो' कळले, 'कासा' म्हणजे छत्री हे कळले. मग त्यांनाही माझी अडचण कळली असावी. त्या थांबल्या, आणि अगदी सावकाश, लहान मुलाशी बोलावे तसे म्हणाल्या, "आमे देस् ने." पाऊस पडतोय, नाही?

मी खिडकीबाहेर पाहिले. पडत होता.

"हाइ," मी म्हणालो, "आमे देस् ने."